वाचनालयाच्या सर्व्हरचा पत्ता : प्रकल्प नोंदी

१० जून २०२५, मंगळवार

आज शेवटचं कपाट संपलं. ग्रंथपाल ताई आणि अभ्यासिकेतली चार मुलं दोन वर्षं रोज संध्याकाळी तासभर बसून एकेक पुस्तक कोहामध्ये चढवत होती. एकूण ११,३८६ पुस्तकं. कोहा ही ग्रंथालयांसाठीची मुक्त प्रणाली. ती न्यूझीलंडमधल्या एका छोट्या ग्रंथालयासाठी तयार झाली आणि जानेवारी २००० पासून वापरात आली. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. आमच्यासारख्या तालुक्याच्या गावातल्या ब वर्ग वाचनालयाला ती खरोखरच भेट आहे.

सर्व्हर म्हणजे माझ्या दुकानात पडून असलेला जुना डेस्कटॉप. मेमरी वाढवली, नवी एसएसडी टाकली, डेबियन ही मुक्त कार्यप्रणाली बसवली. काउंटरवर सगळं व्यवस्थित चालतंय.

आता दुसरा टप्पा. सभासदाला घरबसल्या कळावं, की हवं ते पुस्तक शिल्लक आहे की कुणी नेलंय. आत्ता लोक फोन करतात, ताई काउंटर सोडून कपाटापर्यंत जातात, परत येतात, तोवर समोर रांग लागलेली असते. गुडघे दुखत असताना त्या हे किती वेळा करतात ते मी रोज पाहतो. हा टप्पा मला त्यासाठी हवा आहे.

आजचं काम: राउटरमध्ये सर्व्हरसाठी १९२.१६८.१.५० हा आतला आयपी पत्ता (जाळ्यात यंत्र ओळखायचा क्रमांक) कायमचा राखून ठेवला, म्हणजे राउटर बंद-चालू झाला तरी सर्व्हरला तोच मिळेल. मग बाहेरून येणारं ४४३ पोर्ट, म्हणजे सुरक्षित वेबसाइटचं दार, त्या पत्त्याकडे वळवलं. वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून उघडून पाहिलं. उघडलं! बाहेरचा पत्ता २०३.०.११३.४५. ताईंनी तो लगेच फळ्यावर लिहिला.

(या नोंदींत बाहेरचे सगळे पत्ते २०३.०.११३ ने सुरू होणारे लिहितोय. ते खरे नाहीत. हा गट उदाहरणं देण्यासाठीच राखीव आहे, त्यामुळे चुकून कुणाच्या दारावर थाप पडणार नाही.)

१२ जून, गुरुवार

काल संध्याकाळी वारं सुटलं, लाइट दोनदा गेली. सकाळी ताईंचा फोन: "दादा, फळ्यावरचा नंबर लागत नाहीये." बाहेरचा पत्ता बदलून २०३.०.११३.१९८ झाला होता. फळा पुसायला सांगितला. पत्ता फळ्यावर जाण्याआधी मी त्यांना हे समजावून सांगायला हवं होतं, ती चूक माझी.

दुपारी ताईंना नीट सांगितलं. आपल्या अभ्यासिकेत खुर्च्या चाळीस आणि मुलं नव्वद. जो येईल तो रिकाम्या खुर्चीवर बसतो, उठून गेला की ती दुसऱ्याची. हा डायनॅमिक पत्ता. सभासद क्रमांकाचं तसं नसतं. सभासद सहा महिने आला नाही तरी त्याचा क्रमांक त्याचाच राहतो. हा स्टॅटिक. आपला राउटर इंटरनेटवर जातो तेव्हा त्याला खुर्ची मिळते, क्रमांक नाही. लाइट गेली, राउटर उठला, परत आला तेव्हा दुसरी खुर्ची मिळाली.

ही पद्धत आली डायल-अपच्या काळातून. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा लोक फोनवरून मोडेम लावून जोडले जायचे आणि काम झालं की लाइन सोडायचे. सगळे एकाच वेळी जोडलेले नसायचे, त्यामुळे ग्राहकांपेक्षा कमी पत्त्यांत भागायचं. आता फायबर चोवीस तास जोडलेली असते. सगळी मुलं एकाच वेळी अभ्यासिकेत बसल्यासारखी परिस्थिती आहे. खुर्ची फिरवून आता फारशी बचत होत नाही, पण पद्धत तीच राहिली.

आमच्या जोडणीत पीपीपीओई आहे: राउटर नाव आणि पासवर्ड देऊन सत्र सुरू करतो आणि दर सत्राला नवा पत्ता मिळतो. जिथे नुसतं डीएचसीपी (नाव-पासवर्डाशिवाय पत्ता वाटायची पद्धत) असतं तिथे पत्ता ठरावीक मुदतीसाठी मिळतो आणि निम्मी मुदत संपली की यंत्र ती आपणहून वाढवून मागतं. त्यामुळे तिथे तोच पत्ता कित्येक आठवडे टिकू शकतो आणि लोकांना वाटतं, आपला स्टॅटिक आहे. एक दिवस तो बदलतो तेव्हा कळतं.

१४ जून, शनिवार

पत्ता बदलत असेल तर लोकांना पत्ता न देता नाव द्यायचं. डकडीएनएसवर मोफत नाव घेतलं. सर्व्हर दर पाच मिनिटांनी तिथे जाऊन "मी इथे आहे" असं सांगतो आणि नाव त्या पत्त्याकडे वळतं. जोडणी सुरक्षित करणारं लेट्स एन्क्रिप्टचं मोफत प्रमाणपत्रही बसवलं. ते ९० दिवसांनी संपतं, पण आपोआप नवं होतं.

चाचणी म्हणून राउटरचं बटण मुद्दाम बंद केलं. परत जोडला जायला दोन मिनिटं, नाव नव्या पत्त्यावर यायला आणखी चार-पाच. एवढा खंड वाचनालयाला चालतो.

एक अडचण वाचनालयातच निघाली. वाचनालयाच्या वायफायवरून ते नाव उघडत नाही, बाहेरून उघडतं. राउटर आतून निघालेली आणि स्वतःच्याच बाहेरच्या पत्त्यावर जाणारी विनंती परत आत वळवत नाही. काउंटरच्या संगणकावर होस्ट्स फाइलमध्ये नाव थेट आतल्या पत्त्याशी जोडलं. अभ्यासिकेतल्या मुलांना ते आतून उघडायची गरज नाही, कपाटं समोरच आहेत.

२० जून, शुक्रवार

सहा दिवसांत पत्ता नऊ वेळा बदलला. आठ वेळा लाइट गेल्यामुळे, एकदा रात्री तीनच्या सुमाराला काही कारण नसताना. बहुधा कंपनीकडून सत्र तोडलं गेलं असावं. नाव प्रत्येक वेळी बरोबर वळलं. सर्व्हर इन्व्हर्टरवर आहे, राउटर आणि फायबरची पेटी नव्हती. त्या दोन्हींना छोटा १२ व्होल्टचा यूपीएस लावला. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

६ जुलै, रविवार

आषाढी. वाचनालय बंद, सर्व्हर चालू. दिवसभरात २७ जणांनी यादी पाहिली. सगळ्यात जास्त शोध संतसाहित्याचे.

२१ जुलै, सोमवार

सकाळपासून बाहेरून काहीच उघडत नाही.

आधी मला वाटलं प्रमाणपत्र बिघडलं. ते ठीक होतं. मग फायरवॉल पाहिली, ठीक. राउटरमधलं पोर्ट वळवणं काढून परत घातलं. नाव ज्या पत्त्याकडे वळतंय तो तपासला: २०३.०.११३.९. सर्व्हरवरून बाहेर जाऊन "माझा पत्ता काय" विचारलं, तर तोच. पिंगला, म्हणजे त्या पत्त्याला नुसती हाक मारली की, उत्तर येतंय, पण ४४३ वर कुणीच दार उघडत नाही. यात चार तास गेले. दुकानात दोन गिऱ्हाइकं थांबून परत गेली.

शेवटी राउटरच्या पानावर इंटरनेट बाजूचा पत्ता वाचला. तिथे लिहिलं होतं १००.७२.१८.५.

हे दोन पत्ते सारखे असायला हवे होते. ते वेगळे आहेत, म्हणजे आमच्या राउटरच्या पुढे कंपनीचाही एक मोठा राउटर आहे आणि खरा बाहेरचा पत्ता त्याच्याकडे आहे. याला सीजीनॅट म्हणतात. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे ४१,९४,३०४ पत्ते एप्रिल २०१२ मध्ये खास याच कामासाठी राखून ठेवले गेले: इंटरनेट कंपन्यांनी आपल्या ग्राहकांना आतल्या आत वाटण्यासाठी. घरातल्या १९२.१६८ सारखेच तेही बाहेर कुठे जात नाहीत.

आमच्या गावातले जुने वाडे ज्यांनी पाहिलेत त्यांना हे लगेच कळेल. वाड्याला पत्ता एकच, आत बिऱ्हाडं वीस. आतून कुणी बाहेर पत्र पाठवलं आणि त्याचं उत्तर आलं तर दारावरचा माणूस ते बरोबर बिऱ्हाडात पोचवतो, कारण पत्र कुणी पाठवलं होतं ते त्याने लिहून ठेवलेलं असतं. पण बाहेरून कुणी अनोळखी माणूस नुसता वाड्याच्या पत्त्यावर आला तर त्याला कुणाकडे सोडायचं ते दारावरच्याला ठाऊक नसतं. तो परत पाठवतो. डकडीएनएस इमानेइतबारे वाड्याचा पत्ता सांगतंय. पत्ता बरोबर आहे. पण वाड्याचं दार आमच्या हातात नाही.

आज शिकलो ते जाड अक्षरात लिहून ठेवतो: पत्ता बदलता आहे की कायमचा हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, तो सार्वजनिक आहे की नाही. बदलता पत्ता नावाने सांभाळता येतो. जो पत्ता आपल्या राउटरपर्यंत पोचतच नाही, त्याला नाव काही करू शकत नाही. राउटरचं पान उघडायचं, पत्ता वाचायचा, बाहेरून दिसणाऱ्या पत्त्याशी ताडून पाहायचा. दोन मिनिटांचं काम आहे.

संध्याकाळी अभ्यासिकेतल्या एका मुलीने सांगितलं की कालपासून परीक्षेच्या वेबसाइटवर सारखं "मी रोबो नाही" करावं लागतंय. तेही यामुळेच असणार. बाहेरच्या साइटला एका पत्त्यावरून वीस-तीस घरांची गर्दी दिसते आणि ती संशय घेते.

२२ जुलै, मंगळवार

केबलवाल्या भाऊंच्या ऑफिसात गेलो. गावात टीव्हीची केबल त्यांच्या वडिलांनी टाकली, फायबर यांनी. मला लहानपणापासून ओळखतात. रागाने गेलो होतो, पण त्यांनी चहा मागवला आणि सगळं उघड सांगितलं.

"ग्राहक वाढले, पत्ते तेवढेच. रविवारी रात्री नवीन मशिन बसवलं. ज्यांना काही बाहेरून उघडायचं नसतं त्यांना फरक कळत नाही, म्हणून सगळ्यांना आत घेतलं. तुमचा सर्व्हर आहे हे माझ्या लक्षात यायला पाहिजे होतं."

त्यांच्याकडे ५१२ पत्त्यांचा एक गठ्ठा आहे. ग्राहक तीन हजारांच्या वर. हे गणित मी त्यांच्या जागी बसून केलं तरी वेगळं सुटणार नाही. एका पत्त्यावर ६५,५३६ पोर्ट असतात. प्रत्येक ग्राहकाला दोन हजार दिले तर एका पत्त्यावर तीसेक घरं बसतात. शिवाय कुणी कोणत्या वेळी कोणतं पोर्ट वापरलं याची नोंद त्यांना ठेवावी लागते, कारण उद्या पोलिसांनी विचारलं तर नुसत्या पत्त्यावरून माणूस सापडत नाही. पत्ता, पोर्ट आणि वेळ तिन्ही लागतात.

"मग स्टॅटिक द्या," म्हटलं. मिळेल: वर्षाला २,४०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २,८३२. वाचनालयाच्या लेटरहेडवर अर्ज, विश्वस्त संस्थेच्या नोंदणीची प्रत, पॅन. समितीची मंजुरी लागेल. शनिवारी बैठक आहे.

२३ जुलै, बुधवार, रात्री

पत्ते इतके कमी का, हे नीट समजून घ्यायचं ठरवलं. समितीत प्रश्न येणार.

आयपीची चौथी आवृत्ती सप्टेंबर १९८१ मध्ये पक्की झाली. पत्ता ३२ बिटांचा, म्हणून एकूण पत्ते ४,२९,४९,६७,२९६. पृथ्वीवरच्या माणसांना एकेक द्यायचा तरी पुरत नाहीत, आणि त्यातले कितीतरी राखीव आहेत. पहिल्या काळात अमेरिकेतल्या काही संस्थांना आणि कंपन्यांना एकेकीला १ कोटी ६७ लाखांचे गठ्ठे मिळाले. ३ फेब्रुवारी २०११ ला जागतिक साठ्यातले शेवटचे पाच मोठे गठ्ठे पाच विभागांना वाटून झाले. आशिया-प्रशांत विभागाचा साठा सगळ्यांत आधी, त्याच वर्षी १५ एप्रिलला शेवटच्या गठ्ठ्यावर आला. त्यानंतर नव्या सभासदाला जास्तीत जास्त १,०२४ पत्ते मिळू लागले आणि २०१९ पासून ५१२.

म्हणजे भाऊंचा ५१२ चा गठ्ठा त्यांच्या कंजूषपणातून आलेला नाही. भारतातली घरं इंटरनेटवर आली तोवर पंक्ती उठून गेल्या होत्या. हे वाचून मला वाईट वाटलं, आणि कालचा राग उरला नाही.

२५ जुलै, शुक्रवार

बैठक होऊन पैसे मंजूर होईपर्यंत आठवडा-दोन आठवडे जातील. तोवर यादी बंद ठेवायची नाही, म्हणून तात्पुरता पूल बांधला. मुंबईच्या डेटा सेंटरमधला एक छोटा व्हीपीएस (दुसऱ्याच्या यंत्रावरचा आभासी सर्व्हर) महिन्याभरासाठी भाड्याने घेतला, स्वतःच्या खिशातून. त्याला कायमचा सार्वजनिक पत्ता आहे. आमचा सर्व्हर वायरगार्ड या प्रोग्रॅमने त्याच्याशी बोगदा, म्हणजे कुलूपबंद खासगी वाट, जोडतो.

हे सीजीनॅटमधून चालतं, कारण सुरुवात आतून होते. वाड्यातलं बिऱ्हाड स्वतः पत्र पाठवतं आणि दर २५ सेकंदांनी एक कोरं कार्ड टाकत राहतं, म्हणजे दारावरचा त्याची नोंद पुसत नाही. आमचा पत्ता मधेच बदलला तरी वायरगार्ड नव्या पत्त्यावरून आलेलं, किल्लीने ओळख पटलेलं पाकीट पाहून आपोआप तिकडे उत्तर देऊ लागतं. रात्री अकराला यादी बाहेरून परत उघडली.

२६ जुलै, शनिवार

समितीची बैठक. आमच्या विषयावर पाऊण तास बोलणं झालं, एरवी पाच मिनिटांत उरकलं असतं.

अध्यक्ष सरांनी पहिलाच प्रश्न विचारला: "स्टॅटिक घेतल्यावर स्पीड वाढेल का?" नाही. वेगाचा पत्त्याशी संबंध नाही. तार तीच, प्लॅन तोच. स्टॅटिक घ्यायचा तो दुसऱ्यांना आपल्यापर्यंत येता यावं म्हणून, किंवा दुसऱ्याने आपल्याला पत्त्यावरून ओळखावं म्हणून. ज्या घरात फक्त बघायचं, वाचायचं, पैसे पाठवायचे आहेत, त्या घराला तो नको.

कोषाध्यक्ष करसल्लागार आहेत. त्यांनी स्वतःचं उदाहरण दिलं: त्यांच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाची प्रणाली ई-इनव्हॉइस थेट सरकारी सर्व्हरवर पाठवते, तिथे भारतातला स्टॅटिक पत्ता आधी नोंदवावा लागतो. एका सभासदांच्या पुतण्याला दलालाने तेच सांगितलंय: सेबीच्या ४ फेब्रुवारी २०२५ च्या परिपत्रकाप्रमाणे प्रोग्रॅममधून शेअरच्या ऑर्डरी टाकायच्या तर दलालाकडे स्टॅटिक पत्ता नोंदवलेला हवा. पाच जणांच्या बैठकीत दोन खऱ्या गरजा निघाल्या. पूर्वी हा शब्द फक्त माझ्यासारख्या दुरुस्तीवाल्यांच्या तोंडी असायचा.

मग एकांनी सुचवलं, "मिळतोच आहे पत्ता तर सीसीटीव्हीचा डीव्हीआरसुद्धा (चित्रण साठवणारी पेटी) उघडा, घरून बघता येईल." याला मी स्पष्ट नकार दिला आणि कारण सांगितलं. २०१६ मध्ये मिराई नावाच्या प्रोग्रॅमने कंपनीने घालून दिलेले पासवर्ड वापरून लाखो कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले, आणि २१ ऑक्टोबरला त्यांच्या जोरावर अमेरिकेतली एक मोठी डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारी) कंपनी पाडली. ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट काही तास अनेकांना उघडेनात. वाचनालयाचा डीव्हीआर तसाच आहे आणि त्याला सुरक्षेची नवी आवृत्ती कित्येक वर्षं आलेली नाही. अभ्यासिकेत मुली बसतात. त्यांची चित्रं कुणाच्या हाती लागण्याचा धोका मी पत्करणार नाही. समितीने ऐकलं.

"मग डायनॅमिक जास्त सुरक्षित नाही का? पत्ता बदलत राहतो, चोराला सापडणार नाही," असंही कुणी म्हणालं. हा समज मी दुकानातही रोज ऐकतो. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये झेडमॅप नावाचं साधन बनवलं. एक गिगाबिटच्या जोडणीवरून ते सगळ्या सार्वजनिक आयपीव्ही-फोर पत्त्यांवरचं एक पोर्ट पाऊण तासाच्या आत तपासतं. चोर घर शोधत येत नाही, तो सगळ्या गावाची दारं ढकलून बघतो. १० जूनला पोर्ट उघडल्यावर आमच्या सर्व्हरच्या नोंदवहीत पहिली अनोळखी थाप एकोणीस मिनिटांत पडली होती. पत्ता बदलून सुटका नाही. कडी पक्की हवी, आणि उघडी दारं कमीत कमी.

२,८३२ रुपये मंजूर. अनुदान केव्हा येतं आणि किती पुरतं हे माहीत असलेल्या माणसांनी मंजूर केले, म्हणून त्याचं मोल मला जास्त वाटतं.

२९ जुलै, मंगळवार

अर्ज दिला. वाट बघताना आयपीव्ही-सिक्स, म्हणजे आयपीची सहावी आवृत्ती, करून पाहिलं. त्यात पत्ता १२८ बिटांचा. टंचाई नाही, वाडा नाही, प्रत्येक यंत्राला स्वतःचं दार. भाऊंच्या नव्या मशिनवर ते चालू आहे. सर्व्हरला पत्ता मिळाला आणि माझ्या मोबाइलवरून यादी थेट उघडली, बोगद्याशिवाय. २०१६ मध्ये जिओ आल्यापासून भारतात मोबाइलवर आयपीव्ही-सिक्स इतकं पसरलंय की या बाबतीत आपण जगात पुढच्या देशांत आहोत. खूप आनंद झाला.

पण दोन गोष्टी अडल्या. दहा सभासदांना पाहायला सांगितलं: मोबाइल डेटावर सहाही जणांचं उघडलं, घरच्या ब्रॉडबँडवरच्या चौघांपैकी एकाचंच. आणि राउटर बंद-चालू केल्यावर सगळा उपसर्गच, म्हणजे पत्त्याचा सुरुवातीचा भाग, बदलला. म्हणजे इथेही डायनॅमिक. युरोपात पत्ते वाटणाऱ्या राइपने २०१७ मध्येच कंपन्यांना सांगितलंय की ग्राहकाला आयपीव्ही-सिक्सचा उपसर्ग कायमचा द्यावा, कारण इथे वाचवण्यासारखं काही नाही. आपल्याकडेही हे व्हायला हवं. पत्ते मुबलक असताना ते फिरवत ठेवणं ही निव्वळ जुनी सवय आहे. भाऊंना ते सांगितलं. "वरच्यांना विचारतो," म्हणाले.

आयपीव्ही-सिक्सची नोंद नावाला जोडून ठेवली आहे, तिथेही दर पाच मिनिटांनी पत्ता कळवणारी तीच स्क्रिप्ट.

५ ऑगस्ट, मंगळवार

स्टॅटिक मिळाला: २०३.०.११३.७७.

मला वाटत होतं राउटरमध्ये पत्ता, मास्क, गेटवे हाताने भरावं लागेल. काहीच भरावं लागलं नाही. भाऊंच्या ऑफिसातल्या, ग्राहकांची नावं-पासवर्ड तपासणाऱ्या रेडियस सर्व्हरवर आमच्या वापरकर्ता-नावापुढे हा पत्ता लिहिला गेला. राउटर पूर्वीसारखाच नाव-पासवर्ड देऊन पत्ता मागतो. फरक इतकाच की आता त्याला दर वेळी तोच मिळतो. हाताने भरायचं असतं ते लीज्ड लाइनवर (एकाच ग्राहकासाठीची खास लाइन) किंवा जिथे सत्रच नसतं तिथे.

४४३ लगेच चालू झालं, ८० (साध्या वेबसाइटचं पोर्ट) नाही. ते बाहेरून येणाऱ्यांसाठी सगळ्याच ग्राहकांना बंद असतं; अर्जात लिहायला हवं होतं. फोनवर सांगितल्यावर तासाभरात उघडून दिलं.

पत्ता मेल सर्व्हर ज्यांना अडवतात त्या काळ्या यादीत आहे का पाहिलं. आहे. आधी तो ज्याच्याकडे होता त्याच्या यंत्रातून कधीतरी नको त्या मेल गेल्या असाव्यात. पत्ता नवा मिळत नाही, वापरलेला मिळतो आणि त्याचा इतिहास बरोबर येतो. मुदत संपलेल्या पुस्तकांची आठवण कोहा मेलने पाठवतो. ती मी आपल्या सर्व्हरवरून थेट न पाठवता मेल सेवेमार्फत पाठवतो, म्हणून अडलं नाही. ज्यांना स्वतःचा मेल सर्व्हर चालवायचाय त्यांनी पैसे भरण्याआधी पत्ता तपासावा आणि उलटी नोंद, म्हणजे पत्त्यावरून नाव सांगणारी, कंपनी करून देते का ते विचारावं. ती आपल्या हातात नसते.

८ ऑगस्ट, शुक्रवार

वाचनालयाचं स्वतःचं डॉट इन नाव घेतलं आणि नव्या पत्त्याला जोडलं. ताईंनी विचारलं, "आता पत्ता कायमचा आहे, तर फळ्यावर पत्ताच लिहू का?" नको म्हटलं, नावच लिहा. पत्ता भाऊंचा आहे, आपण तो वर्षाच्या भाड्याने घेतलाय. उद्या दुसऱ्या कंपनीची जोडणी घेतली तर मोबाइल नंबरसारखा तो बरोबर नेता येत नाही. नाव मात्र आपलं.

पाच मिनिटांची जुनी स्क्रिप्ट काढली नाही. पत्ता ७७ सोडून दुसरा दिसला तर ती मला मेसेज पाठवेल.

१४ ऑगस्ट, गुरुवार

सकाळी ६:४० ला मेसेज आला. राउटरवर १००.७२.४१.१२.

भाऊंना फोन केला. महिन्याचं पॅकेज काल रात्री संपून नवं लागलं, आणि नव्या पॅकेजवर पत्त्याची नोंद चढवायची राहिली. स्टॅटिक हा शब्द ऐकून मनात दगडी पाटी येते. प्रत्यक्षात ती कुणाच्या तरी तक्त्यातली एक ओळ आहे, आणि ओळ कुणीतरी लिहावी लागते.

व्हीपीएसचं भाडं २४ पर्यंत भरलेलं होतं. बोगदा चालू केला, नाव तिकडे वळवलं. साडेदहाला भाऊंनी नोंद दुरुस्त केली आणि "दर महिन्याला आपोआप चढेल असं करून टाकलं" असा फोन केला. नाव कोणत्या पत्त्याचं ते इतरांनी किती वेळ लक्षात ठेवायचं, ती मुदत मी कालच एक तासावरून पाच मिनिटांवर आणायचा विचार करत होतो आणि ते राहून गेलं, त्यामुळे काही सभासदांना आणखी तासभर जुन्या ठिकाणी जाऊन परत यावं लागलं. आता पाच मिनिटं केली आहे.

व्हीपीएस कायम ठेवायचा का यावर विचार केला. तो दरमहा खर्च आहे, आणि एक जास्तीचं यंत्र अद्ययावत ठेवायचं काम. मी नसेन तेव्हा ते कोण करणार? वाचनालय १९३० च्या दशकातलं आहे, ते माझ्या पुढेही चालायचंय. जे ताईंना आणि अभ्यासिकेतल्या मुलांना सांभाळता येईल तेवढंच ठेवायचं. २४ तारखेला बंद करणार. बोगद्याची सगळी कृती मराठीत लिहून सर्व्हरच्या पेटीवर पाकिटात चिकटवली आहे.

२५ ऑगस्ट, सोमवार

परवा गणपती. ताईंनी आवक-जावक नोंदवहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिलं: "स्टॅटिक आयपी नूतनीकरण, ५ ऑगस्ट २०२६ च्या आधी. डॉट इन नाव, ८ ऑगस्ट २०२६ च्या आधी." राहिलेली कामं: राउटरच्या यूपीएसची बॅटरी सहा महिन्यांनी तपासणे, डीव्हीआर वेगळ्या जाळ्यात टाकणे, भाऊंकडून आयपीव्ही-सिक्सच्या कायम उपसर्गाचं काय झालं ते विचारणे.

रात्री पाऊस होता, लाइट चार तास नव्हती. सकाळी नोंदी पाहिल्या: पत्ता ७७, सत्र तुटलं नाही. पहाटे ५:१२ ला एका निवृत्त शिक्षकांनी घरून पहिलं आरक्षण टाकलंय. दहाला दार उघडल्यावर ताईंनी पडद्यावर नाव वाचलं, कपाटातून ते पुस्तक काढलं, त्यावर गुरुजींच्या नावाची चिठ्ठी लावली आणि काउंटरच्या डाव्या खणात ठेवलं.